बिनधान्याची खीर

मानसिंगची पलटण इटलीत आघाडीवर गेल्याचं पत्र आलं, त्या दिवशी त्याच्या आईनं, रंगुबाईनं, देवापुढं भंडारा उचलून शपथ घेतली. लेक उंबरा ओलांडून आत येईपर्यंत धान्याचा कण तोंडात घालायचा नाही. साल १९४४, महिना चैत्राचा.

सून अंजना हबकली. शेंगदाणे चावायला सासूला दात नव्हते आणि वरीनं तिचं पोट फुगे. साबुदाणा मलायातून यायचा. तो मुलूख जपान्यांनी घेतल्यापासून दुकानात दिसेनासा झाला होता. म्हातारी दूध-रताळ्यावर दिवस काढू लागली. आषाढ सरेतो तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी इस्लामपूरच्या बाजारात अंजनाला आरारुटाचा डबा मिळाला. आरारूट म्हणजे कंदाचं सत्त्व, उपासाला चालणारं. त्या दिवसापासून रोज सांजेला दुधात खीर होऊ लागली. कितीही शिजवली तरी ती दाट मात्र होत नसे. पण रंगुबाईच्या अंगात जीव आला.

गौरीच्या सणासाठी अंजनाला माहेरी न्यायला तिचा चुलतभाऊ नाथाजी आला. तो सांगलीच्या बाजूला कापडगिरणीत सुताला खळ द्यायच्या खात्यात कामाला होता. चुलीवरची खीर बघून त्यानं डबा उघडला, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि जिभेला लावलं.

"अंजे, म्हातारीला काय सुताची लडी समजलीस व्हय? खळ पाजतीस ती?"

"आरारूट हाय ते, दादा."

"कशाचं आरारूट! रोज पोतंभर शिजवतो मी हे. मक्याचं सत्त्व हाय. तेजाबात भिजवून धुतल्यालं, म्हंजे शिजून पातळ ऱ्हातं आन् सुताच्या आत शिरतं. बघ की, तुझी खीर घट्ट हुतीया का?"

अंजनाच्या हातातला पळा थांबला. "इख हाय का त्यात?"

"छ्या! नीट धुतल्यालं असलं तर इख कसलं? महिनाभर खाल्लंय, म्हातारी ठणठणीत हाय. पर मका त्यो मकाच, गं. धान्य."

"हळू बोल," अंजना म्हणाली.

तिनं ती खीर म्हशीच्या आंबोणात ओतली. माहेरी गेली नाही. सासूला सांगितलं, आरारूट सरलं. पुन्हा रताळी सुरू झाली. सांगावं, तर व्रत मोडलं म्हणून म्हातारी लेकाच्या काळजीनं झुरून मरेल. न सांगावं, तर मानसिंगच्या जिवावर आपणच घाला घातला, हे मनातून जाईना. रात्री ती देवाला म्हणे, पाप माझ्या पदरात घाल, त्यांच्या न्हाई.

चौथ्या दिवशी तार आली. पोस्टमननं ती उंबऱ्यातच वाचून दाखवली. मानसिंग अकरा जुलैला कामी आला होता. आधी बेपत्ता धरल्यामुळं खबरेला उशीर झाला. रंगुबाईनं 'कामी आला' एवढंच ऐकलं आणि ती खाली बसली.

अंजनाला रडूसुद्धा आलं नाही. शेजारचं पंचांग मागून तिनं तारखा मोजल्या. अकरा जुलै, आषाढ वद्य. डबा आणला नागपंचमीच्या आदल्या दिवशी, म्हणजे पंधरवडाभरानं. पहिला चमचा सासूच्या तोंडात गेला तेव्हा मानसिंग मातीत होता. तिचा दोष नव्हता.

तिसऱ्या दिवशी भेटायला आलेली माणसं गेल्यावर रंगुबाई देवघरात शिरली आणि देवांचे टाक पाटीत भरू लागली.

"आत्याबाई, आवं काय करतायसा?"

"हिरीत टाकते. मी पाळलं, ह्येनं न्हाई पाळलं. चाळीस वर्षं ह्याला घासतीया. दगड हाय निस्ता. कुनाकडं बघून जगू मी आता?"

पाटी उचलून ती बाहेर निघाली. अंजना दारात आडवी झाली.

"देवाला बोल लावू नगा, आत्याबाई. व्रत मोडलं व्हतं. ते आरारूट न्हवतं, मका व्हता. माझ्या हातनं झालं."

रंगुबाईनं पाटी खाली ठेवली. एकेक टाक पदरानं पुसला आणि जागेवर नेऊन ठेवला. सगळे टाक लागल्यावर ती देवापुढं कपाळ टेकून पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.

त्यानंतर तिनं सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. परड्यात वेगळी चूल मांडली. आल्यागेल्याला सांगे, "देवाचा न्हाई बाई दोस. घरातच वैरी व्हता."

अंजनानं कधी खुलासा केला नाही. अकरा जुलै लिहिलेला तारेचा कागद तिनं त्याच डब्यात ठेवला, उरलेल्या पिठावर. रंगुबाईला वाचता येत नव्हतं, आणि त्या डब्याला तर ती शिवतही नव्हती.