भित्र्या कुऱ्हाडीचा नवा दांडा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही दोन पावलं मागं सरकाल, हे मला ठाऊक आहे. सगळेच सरकतात. पण खरं सांगू? घाबरते ती मी. मी एक जुनी कुऱ्हाड आहे, आणि अख्ख्या शिराळा तालुक्यात माझ्याइतकी भित्री कुऱ्हाड शोधून सापडायची नाही.

मी मूळची मालट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. इस्लामपूरच्या बाजारात एका लोहारानं मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर ठोकलं आणि तापलेली असतानाच पाण्यात बुडवलं. चर्र आवाज झाला. जीव गेला असंच वाटलं मला. पण त्यालाच पाणी पाजणं म्हणतात, आणि माझी धार टिकते ती त्याच्यामुळंच. मला विकत घेणाऱ्या नाथाजींना लोहार म्हणाला, "हिला परत कवा जाळात घालू नका. पानी उतरलं की हिच्यात राम ऱ्हायचा न्हाई." ते शब्द मी विसरले नाही. तेव्हापासून मला चुलीची धास्ती आहे.

नाथाजींनी मला बाभळीचा दांडा बसवला. काय दिवस होते ते! गावात कुठंही लग्न निघालं की लाकडं फोडायला मला मागणी यायची. नाथाजी मला एकटीला कधी पाठवत नसत, स्वतः बरोबर यायचे. पहिला घाव घालण्याआधी माझ्या नेढ्यावर, म्हणजे दांडा ज्या भोकात बसतो तिथं, अंगठा दाबायचे आणि मला हलवून पाहायचे. मी हलले नाही तरच उचलायचे. तो अंगठा लागला की मी निर्धास्त व्हायची.

पुढं घरात गॅस आला. मी फक्त अंघोळीच्या पाण्यापुरती उरले. नाथाजींचे हात थरथरायला लागले आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडले. त्यांचा मुलगा कृष्णात सैन्यात आहे. तो सुट्टीवर आला की मला बाहेर काढायचा. मुलगा गुणी, पण भलताच घाईचा.

दांडा वाळून आकसला होता. मी खुळखुळ वाजायला लागले. कृष्णातनं मला रात्रभर बादलीत ठेवलं. लाकूड पाण्यानं फुगलं आणि मी घट्ट बसले. पण दोन दिवसांनी लाकूड वाळलं आणि मी पहिल्यापेक्षा जास्त हलू लागले. मग त्यानं नेढ्यात एक खिळा ठोकला. मग आणखी एक. मग पत्र्याचा तुकडा. आणि पुन्हा बादली. दांडा वरून धडधाकट दिसायचा, पण आत तो कुजत चालला होता. ते फक्त मला कळत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. त्यानं मला डोक्यावर उचललं की मी लाकडाकडं पाहायचीच नाही. अंगणात कोण कोण आहे, तेवढं पाहायची. माझ्या हातून माणूस जाईल, ही एकच भीती मला खात होती.

यंदाच्या नागपंचमीचा आदला दिवस उजाडला. तुम्हाला माहीत असेल, पंचमीला आमच्याकडं काही चिरत नाहीत, कापत नाहीत, तोडत नाहीत. त्यामुळं आदल्या दिवशीच सगळं उरकायची सगळ्यांची धांदल असते. घरात पाहुणे येणार, त्यांच्या अंघोळीच्या पाण्याला लाकडं हवीत. कृष्णातनं मला बादलीतून ओढून काढलं. कुजलेलं लाकूड आता पाण्यानंही फुगत नव्हतं, मी खुळखुळले. त्यानं ऐकलं, आणि मी घट्ट बसावी म्हणून नुसतं मला जमिनीवर आपटलं.

त्याची धाकटी बहीण राजेश्वरी कडेगावहून माहेरी आली होती. तिचा त्या दिवशी भावाचा उपास होता. भावाला उदंड आयुष्य मिळावं म्हणून बहिणी पंचमीच्या आदल्या दिवशी करतात तो. ती अंगणासमोरच्या सोप्यात बसून पूजेसाठी मातीचा नाग घडवत होती. मला वर गेल्यावर ती दिसली. ती अगदी माझ्या समोर होती.

पहिला घाव निभावला. दुसराही. तिसऱ्या वेळी ओंडक्याची गाठ लागली. आत काहीतरी करकरलं. कृष्णातनं जोर करून मला पुन्हा वर उचललं, आणि खाली येता येता दांडा माझ्या गळ्याशी मोडला. मी सुटले. मित्रांनो, मला थांबता येत नव्हतं, वळता येत नव्हतं. माझी धार राजेश्वरीच्या दिशेनं चालली होती आणि मी काहीही करू शकत नव्हते.

मी थांबले तेव्हा मातीत अर्धी रुतले होते. मातीच्या नागाचे दोन तुकडे झाले होते. राजेश्वरीचा गुडघा माझ्यापासून वीतभर लांब होता.

आतून त्यांची आई, रंगूबाई, धावत आली. तुटलेला नाग पाहून ती ओरडली. "आगं माझे आई! पंचमीच्या तोंडावर नाग तोडला रं!" मग तिनं लेकीला चाचपून पाहिलं आणि रडतच म्हणाली, "नागोबानं आपल्यावर घेतलं गं. तुझ्यावरचं समदं त्यानं घेतलं."

कृष्णात मोडका दांडा धरून तिथंच उभा होता. राजेश्वरी मात्र उठली आणि त्याच्यापुढं उभी राहिली. "दादा, तिकडं बंदूक रोज पुसतोस न्हवं? मग घरातली कुऱ्हाड वाजतीया, त्ये ऐकू येत न्हाई तुला? मी इथं तुझ्यासाठनं उपाशी बसलीया!" तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. "हिला धड दांडा बसल्याबिगर मी उद्याबी उपास सोडायची न्हाई."

उद्या तर लाकडाला हत्यार लावायचं नव्हतं. म्हणजे जे करायचं ते आजच. कृष्णातनं मला उचललं. मोडका तुकडा खिळ्यांसकट माझ्या नेढ्यात अडकला होता. तो काढायला वेळ लागणार म्हणून तो थेट चुलीकडं निघाला. "लाकूड जळून जाईल, खिळं आपोआप पडतील," तो म्हणाला.

मी संपले! जाळाची धग माझ्या पात्याला लागली. लोहाराचे शब्द आठवले. इतक्या वर्षांचं माझं पाणी आता उतरणार होतं.

"थांब रं!" कट्ट्यावरून नाथाजी ओरडले. एवढ्या मोठ्यानं ते कित्येक वर्षांत बोलले नसतील. "घाईनं येकदा नाग तोडलास. आता कुऱ्हाड जाळतोस व्हय? बस हितं."

कृष्णात बसला. पटाशीनं त्यानं कुजकं लाकूड कणाकणानं कोरून काढलं, पकडीनं एकेक खिळा उपसला. चुलीच्या वर माळ्यावर नाथाजींनी फार पूर्वी बाभळीची एक फांदी धुरात वाळायला ठेवली होती, ती खाली आली. राजेश्वरीनं फुटक्या काचेनं ती घासून गुळगुळीत केली. दांडा माझ्यात बसला, वरून लाकडाची पाचर ठोकली गेली. बादली नाही, खिळा नाही. दिवेलागणीपर्यंत मी पुन्हा उभी राहिले. राजेश्वरीनं नाग नव्या मातीचा केला.

पंचमीला मला कुणीच हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी कृष्णात आला. मी घाबरलेच होते. त्यानं आधी सगळ्यांना लांब उभं केलं. मग माझ्या नेढ्यावर अंगठा दाबला आणि मला हलवून पाहिलं. एकदा. मग पुन्हा एकदा. मी वाजले नाही. तरी त्यानं मान वर करून विचारलं, "राजे, कुठं हायस?"

"आबांच्या मागं हाय," नाथाजींच्या पाठीमागून ती म्हणाली. मग त्यानं मला उचललं.

मित्रांनो, माझी भीती पुरती गेलेली नाही, आणि ती जाऊही नये. पण तुमच्या घरात एखादी कुऱ्हाड असेल, खोरं असेल, हातोडी असेल, तर आज तिला जरा हलवून पाहा. आम्हाला ओरडता येत नाही. आम्ही फक्त खुळखुळतो. त्या आवाजाला घाईत आपटून गप्प करू नका. तुमचं माणूस समोर बसलंय, एवढंच आम्ही सांगत असतो.