तीन पायांवर पाच मात्रा

टक्, टक्, टक्. घड्याळ समजू नका. किती वाजले ते मला कळत नाही. मी मेट्रोनोम बोलतोय. वाजवणाऱ्यांना लय धरून देणं हा माझा धंदा. लाकडी अंग, चार छोटे पाय, पोटात चावीची स्प्रिंग आणि पुढे डावी-उजवीकडे हलणारी लोखंडी काठी, एवढाच माझा संसार.

माझा जन्म जर्मनीतला. कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने मला कानाशी धरलं आणि म्हणाला, "अगदी सरळ चालतोय." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं तोऱ्यात काढली. पुढे बल्गेरियात, प्लोवदिवच्या एका संगीतशिक्षिकेकडे आलो. तिने मला आपल्या लाडक्या शिष्येला, झ्लातिनाला देऊन टाकलं. झ्लातिना अ‍ॅकॉर्डियन सुरेख वाजवायची, मुलांना शिकवायची, आणि कुणी चुकलं की माझ्याकडे बोट दाखवायची. मला आणखी काय हवं होतं?

मग तिने रूमेनशी लग्न केलं आणि आम्ही दोघं त्याच्या गावी आलो. रूमेन क्लॅरिनेट वाजवायचा, त्याचे वडील स्तामात मोठा ढोल, आणि त्यांचा जुना दोस्त गांचो अ‍ॅकॉर्डियन. पंचक्रोशीत लग्न निघालं की बोलावणं या तिघांनाच. अंगणातल्या द्राक्षवेलीखाली तालीम चालायची. टेबलावर राकियाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली, पांढरं चीज आणि काकडी-टोमॅटो.

पहिल्याच दिवशी झ्लातिनाने मला चावी देऊन त्या टेबलावर ठेवलं. माझी टक-टक सुरू झाली आणि स्तामातने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"कोण वारलं?"

"अहो बाबा, मेट्रोनोम आहे तो," झ्लातिना म्हणाली.

"हो का? इतक्या सरळ ठेक्यावर आमच्याकडे फक्त मयताला चालतात, म्हणून विचारलं."

गांचो खो-खो हसला. "याला नाचायला घेऊ नका रे. सरळ चालत जाऊन भिंतीवर आपटेल!"

त्यांचंही खरंच होतं म्हणा. त्यांची निम्मी गाणी पाच, सात नाहीतर अकरा मात्रांची. "पण स्वभावाने गरीब आहे हं," स्तामात म्हणाला. "काहीही विचारा, हो म्हणतोय." या देशात मान आडवी हलवली की 'हो' आणि वर-खाली केली की 'नाही'. म्हणजे मी जन्मभर नुसता हो-हो करत आलो होतो! मला ते फार लागलं.

जूनमध्ये गांचो चेरी काढताना झाडावरून पडला आणि त्याचा हात मोडला. बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न रविवारवर येऊन ठेपलेलं.

"मी वाजवते ना," झ्लातिना म्हणाली.

स्तामात ढोलाची दोरी आवळत होता. "सूनबाई, वाजवतेस तू झकास. पण पायदुश्कोचं काय?"

पायदुश्को हा पाच मात्रांचा नाच. एक पाऊल दोनचं, दुसरं तीनचं. आखूड-लांब, आखूड-लांब, लंगडत नाचायचं. नवरी घराबाहेर पडताना तिची माणसं हातात हात गुंफून तो नाचत अंगणात येतात.

"ठेका हुकला तर सगळे एकमेकांच्या पायात येऊन पडतील, तेही नवरीच्या दारात! मग आपल्याला कोण बोलावणार?" स्तामात म्हणाला. "शनिवारपर्यंत जमलं तर तू. नाहीतर शेजारच्या गावातला माणूस आणीन. आणि तो एकदा आला की कायमचा. गांचोचं काही आता खरं नाही."

शहरातली शिकवणी सोडून झ्लातिना इथे आली होती. बाहेर तालीम रंगली की ती स्वयंपाकघरात बानित्साचे, म्हणजे चीज भरून भाजायच्या पोळीचे, पापुद्रे लाटायची, आणि पिठात माखलेली तिची बोटं पोळपाटावरच अ‍ॅकॉर्डियन वाजवायची. मी बघायचो ना खिडकीतून. वाईट वाटायचं.

ती तयारीला लागली. मी सरळ टक-टक करायचो, ती मोजायची, "एक-दोन, एक-दोन-तीन." मोजणी चोख. पण ढोलाबरोबर वाजवायला बसली की लांब पाऊल थोडं जास्तच लांबायचं आणि ती मागे पडायची.

"अगं, आम्ही पाचव्या मजल्यावर उतरलो, तू सहाव्यावर गेलीस!" हात गळ्यात बांधलेला गांचो ओरडायचा. सगळे हसायचे, तीही हसायची. मग आत जाऊन नळ मोठा सोडायची, म्हणजे रडणं ऐकू जात नाही.

शुक्रवारच्या तालमीनंतर ढोल टेबलावर ठेवताना त्याची कड मला लागली. मी थेट फरशीवर. एक पाय तुटून कुठे गेला तो गेलाच.

"अरेरे, जर्मन पडला," स्तामात हळहळला.

"चुलीत घाला," गांचो म्हणाला.

झ्लातिनाने मला उचललं. सकाळी भांडी घासायच्या आधी सवयीने चावी दिली आणि ओट्यावर ठेवलं. तीन पायांवर मी एका अंगाला कललेला. टक्-टक्... टक्-टक्... टक्-टक्... एक ठोका आखूड, एक लांब. मी चक्क लंगडत होतो! तो कारागीर हे ऐकायला नाही, तेच बरं, असं वाटलं. शरमेने मला थांबायचं होतं, पण चावी संपल्याशिवाय मला थांबता येत नाही.

तेवढ्यात झ्लातिनाची टाच हलायला लागली. मग गुडघा. मग खांदे. ती काही मोजत नव्हती. ओले हात तसेच धरून ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम किंचाळली.

"रूमेन! अरे धावत ये! हा पायदुश्को नाचतोय!"

रूमेन अर्ध्या दाढीचा साबण तोंडावर घेऊन आला. ऐकलं, आणि हसून हसून खालीच बसला. "याला शेवटी गावचं पाणी लागलं!"

दिवसभर ती माझ्याबरोबर वाजवत बसली. संध्याकाळी स्तामातने ढोल धरला. ती एकदाही मागे पडली नाही. "तालीम ती तालीम," तो एवढंच पुटपुटला. "उद्या नवरीच्या दारात बघू."

रविवारी तिने मला अ‍ॅकॉर्डियनच्या पेटीत घालून नेलं. पेटी बाकावर उघडी ठेवली होती. दार उघडलं, नवरी दिसली, ढोलावर थाप पडली. माझी स्प्रिंग आखडून गेली. झ्लातिनाने डोळे मिटले आणि भाता ओढला.

सगळ्यात पुढे रुमाल फिरवत नवरीची मावशी आली. तिच्यामागे माणसं, पोरं, घामाघूम झालेला जाडजूड बेकरीवाला. आखूड-लांब, आखूड-लांब. उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरल्या, अंगणभर फेर धरला. कुणी पडलं नाही. कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला नाही. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग स्तामातने ढोल बडवता बडवता सुनेकडे पाहिलं, आणि मान हलवली. आडवी. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. झ्लातिनाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण बोटं थांबली नाहीत. जन्मभर मी तेच करत आलो होतो. ते इतकं मोलाचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर शेजारच्या गावातल्या माणसाचं नाव कुणी काढलं नाही. गांचो खुर्चीत बसून ऐकतो आणि चुका नसल्या तरी काढतो. मी अजून त्याच ओट्यावर आहे. मधे रूमेनला माझी दया आली आणि त्याने माझ्या तुटक्या पायाच्या जागी पुठ्ठ्याची घडी घातली. मी पुन्हा सरळ, जर्मनीत होतो तसा! टक्, टक्, टक्. स्तामात दारातून आत आला, थबकला, आणि टोपी काढून छातीशी धरली.

"कोण वारलं?"

आणि त्यानेच वाकून पुठ्ठा काढून टाकला. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला खुशाल सरळ ठेवा, त्याला तेच शोभतं. माझ्या पायाखाली मात्र कृपा करून काही घालू नका. मी बरा आहे.