यशोदाबाईचा पिंड आणि कोंबड्यांची कणी

खाटेला खिळलेल्या यशोदाबाईला डॉक्टरने रोज एक अंडं सांगितलं, आणि तिच्या थोरल्या मुलाने, निंबाने, सोनगीरच्या घराच्या परसात पाच-सहा कोंबड्या आणून सोडल्या. त्यांना ज्वारीची कणी टाकली की आधी कावळे पंगतीला बसत. पुरुषमाणसांचं आटोपेपर्यंत थांबणाऱ्या सुनांसारख्या कोंबड्या कडेला उभ्या राहत आणि उरलंसुरलं टिपत. अशा खाण्यावर अंडं कुठून येणार? आलंच तर तेही कावळाच नेई.

निंबाला अंड्याची काळजी होती. आईने चार माणसांत सांगून ठेवलं होतं, "मन्हं हागनंमुतनं जो काढी, घर त्यानं." ते कैक वर्षं निंबा आणि त्याची बायको भिकुबाई काढत होती. धाकटा रतिलाल सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. दिवाळीला यायचा, आईच्या पायाला हात लावायचा आणि मग रुमालाने हात पुसायचा. घर कुणाचं याबद्दल गावात दुमत नव्हतं. निंबाला फक्त शेवटपर्यंत चुकायचं नव्हतं.

कावळ्यांसाठी त्याने जुनं लुगडं बांधून पाहिलं, डबा वाजवून पाहिला. डब्याने यशोदाबाईची झोप तेवढी मोडली. शेवटी तो म्हणाला, "आई, एखादा मारीसन टांगतो. बठ्ठा लोक टांगतस शेतमा."

"मरेल नको," यशोदाबाई खाटेवरून म्हणाली. "जित्ता टांग. मरेल काय बोंब मारी?"

बाई आजारी होती, पण डोकं शाबूत होतं.

निंबाने डालं काठीवर तिरकं टेकवलं, खाली कणी पसरली आणि काठीला सुतळी बांधून दाराआड बसला. एक कावळा सापडला. त्याचा पाय बांधून निंबाने त्याला बांबूच्या टोकाला उलटा टांगला. सोनगीरचे होते नव्हते तेवढे कावळे शेजारच्या बाभळीवर जमले आणि ओरडून ओरडून त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली. कणीला मात्र एकाने चोच लावली नाही. कोंबड्या आयुष्यात पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

"आजून फडफडस का रे?" यशोदाबाई मधूनमधून विचारी.

"फडफडस, आई."

"पानी नको पाजू त्याले."

तिने त्या दिवसांत एकेक भाकरी जास्त खाल्ली. तिसऱ्या दिवशी कावळा गप्प झाला तेव्हा तिला जरा सुनंसुनं वाटलं.

कणी वाचली, अंडी मिळू लागली. फक्त निंबा बाहेर पडला की बाभळीवरून कुणीतरी हाक देई, आणि मग चारपाच जण त्याच्या टोपीवर झेपावत. तो छत्री घेऊन हिंडू लागला. "निंबा, पाऊस कोठे शे रे?" असं लोक विचारत. तो म्हणे, "येई." कावळ्यांना घाबरतो असं कोण सांगणार?

अंडी खातखातच यशोदाबाई पौषात गेली.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. न्हाव्याने दोघा भावांची डोकी आणि मिशा उतरवल्या. निंबा असा काही दिसू लागला, की भिकुबाईने पाण्याचा तांब्या त्याच्याऐवजी रतिलालच्या हातात दिला. कावळे मात्र फसले नाहीत. निंबाने पिंड ठेवून पाठ वळवली, तोच झाडं काळी झाली. ओरडा असा, की भटजींना आपलेच मंत्र ऐकू येईनात. पिंडाकडे कुणी ढुंकून पाहीना.

भाऊबंदांत वडील होते झुलालनाना. ते म्हणाले, "निंबा, मायनं काय राह्यनं रे? बोल."

निंबाने हात जोडले. "आई, बेबाबाईले दर आखाजीले माहेरले आनसू." बहीण बेबाबाई मोठ्याने रडली. कावळे त्याहून मोठ्याने ओरडले. "आई, गाय इकाव नही." काही नाही. "आई, रोज माळ जपसू." हे ऐकून तर एक जण त्याच्या ताज्या टकलावर चोच मारून गेला.

भटजींना दुसऱ्या गावी जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू म्हणून सुचवलं. नाना म्हणाले, "यशोदाबाई दर्भाले फसनारी बाई नव्हती."

मग निंबाने खरं ते सांगितलं. "नाना, आईनी कावळा जित्ता टांगाले लावा. त्या माले वळखतस."

नाना म्हणाले, "बठ्ठा गाव टांगस कावळा. मन्हा बापना पिंड तं मन्हा हातमाईन लयी गया. कावळा वळखत नही, भाऊ. माय वळखस."

"आणि आईवर ढकलतोस?" रतिलाल हळूच म्हणाला. "भाऊ, तू जरा लांब जा ने."

निंबा दरडीपलीकडे जाऊन बसला. झाडावरचे निम्मे कावळे त्याच्यामागून गेले. निम्म्यांना भूक लागली होती.

रतिलालने डोळे मिटले. "आई, काळजी करू नको. घर मी सांभाळीन."

वाक्य संपायच्या आत पिंड गेला.

पंगतीत कुणी वाद घातला नाही. जिवंतपणी बाई काय बोलली ते चार माणसांनी ऐकलं होतं. मेल्यावर काय बोलली ते सगळ्या नदीने पाहिलं. एवढी वर्षं बंद दाराआड निंबा आईचे काय हाल करत असेल, यावर बायका हळहळल्या. भिकुबाई सगळ्यांना वरण वाढत होती, तिलाही दोघीतिघींनी विचारलं, "उपाशी ठेवत होतात का हो?"

रतिलाल मनाने मोठा होता. घराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत निंबाने गोठ्यात राहायला त्याची हरकत नव्हती. कोंबड्या आईच्या, म्हणजे घराबरोबरच्या, म्हणून दुखवटा फिटताच त्याने त्या कापायला लावल्या. काळ्या मसाल्याचं वाटण भिकुबाईने केलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला शिरपूरचा एक व्यापारी घर बघायला यायचा होता. रतिलालने आदल्या दिवशीच कौलांकडे पाहून सांगितलं, "भाऊ, एवढे कावळे बघून माणूस बिचकेल. काहीतरी कर ने."

काय करायचं ते निंबाला माहीत होतं. तो पहाटेच छत्री घेऊन शेताकडे चालू लागला, आणि कौलांवरचे सगळे त्याच्यामागून उडाले.

व्यापाऱ्याला घर आवडलं. जागा शांत आहे, म्हणाला.