बेअरिंगची भिंत

आईचं उजवं अंग लुळं पडलं तेव्हापासून ती आतल्या खोलीत नुसती पडून होती. फिटरनं चाकाची खुर्ची आणली, पण मधल्या अरुंद दारातून ती जाईना. आई दिवसभर छताकडे बघत राहायची. शेवटी फिटरनं ठरवलं, मधली भिंतच काढून टाकायची.

"माझ्या भावाला विचारा आधी," बायको म्हणाली. "बिल्डरच्या ऑफिसात आहे तो."

मेहुण्यानं फोन उचलला तो घाईतच. "दाजी, बेअरिंगची भिंत नाही ना ती? तेवढं बघा."

फिटरचा जन्म पंपांना बेअरिंग बसवण्यात गेलेला. त्याला हसूच फुटलं. "भिंतीत बेअरिंग? भिंत काय गरगर फिरते का रे?"

मेहुणाही हसला. "तसं नव्हे हो. थांबा, साहेब बोलावतायत. मागाहून सांगतो."

त्याचा फोन काही आला नाही, आणि फिटरनंही केला नाही. सुट्टीच्या दिवशी गवंडी आला, भिंतीवर दोन थापा मारून म्हणाला, "विटांचीच तर आहे." संध्याकाळपर्यंत भिंत गेली.

आई रस्त्याकडच्या खिडकीशी आली. येणारीजाणारी माणसं बघून तिचे वाकडे ओठ हलले. वरच्या मजल्यावरचे रिटायर पोस्टमन मुद्दाम खाली आले. "वहिनी, आता कशा राणीसारख्या बसलात!" फिटरचा ऊर भरून आला.

मग छताला एक चीर पडली. बायकोनं दाखवली. "प्लास्टर असेल," फिटर म्हणाला, "बुजवू रंग देताना."

छत कोसळलं तेव्हा तो कामावर होता. बायको खिडकीपाशी सासूची वेणी घालत होती, म्हणून दोघी वाचल्या. पोस्टमन मात्र पलंगासकट खाली आले. त्यांची बायको औषध आणायला गेली होती. ती परतली तेव्हा लोक धुळीत हातांनीच विटा उपसत होते. काढलं तेव्हा पोस्टमनमध्ये जीव नव्हता.

पोलीस चौकीच्या बाकावर मेहुणा फिटरशेजारी येऊन बसला. "दाजी, बेअरिंग म्हणजे भार पेलणारी. वरचा मजला तिच्याच जिवावर उभा असतो."

फिटर म्हणाला, "आमचं बेअरिंग तरी दुसरं काय करतं रे? फिरत्या दांड्याचा सगळा भार तेच घेतं. मला कळायला नको होतं?"

मेहुण्याचा आवाज खाली गेला. "दाजी, मी फोनवर बोललो होतो ते सांगू नका. माझी नोकरी जाईल. पोरं लहान आहेत."

फिटरनं पोलिसांना जबाब दिला, मी कुणालाही विचारलं नव्हतं. त्याला आत टाकलं.

बायको सासूला घेऊन नणंदेकडे राहायला गेली. नवऱ्यानं जबाबात भावाचं नाव घेतलं नाही, हे तिला कळलं होतं. भाऊ फळं घेऊन आला, तर तिनं दारातूनच सांगितलं, "घेऊन जा. आणि परत येऊ नकोस."

ढिगारा उपसून झाल्यावर ती उरलीसुरली भांडी न्यायला गेली. पोस्टमनची बायको तिथेच विटांवर बसली होती, मांडीवर नवऱ्याची एक चप्पल घेऊन. दुसरी सापडत नव्हती. दोघी मिळून शोधू लागल्या.

"एक विचारू?" म्हातारी म्हणाली. "भिंत पाडण्याआधी तुझ्या नवऱ्याला कुणीच काही बोललं नव्हतं का गं?"

फिटरच्या बायकोचा हात विटेवर थांबला. "नाही, मावशी," ती म्हणाली. "कुणीच नाही."

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं, बघतच राहिली. मग वाकून पुढची वीट बाजूला केली.