ओकचा नवा पाय

आयर्लंडमधल्या पोर्टलीशजवळच्या शेतघराचा पुढचा खांब कलला, तेव्हा माझ्या मुलाने, उपेंद्रने, घर पाडण्याचा निर्णय मला न विचारता घेतला. २०११च्या उन्हाळ्यात मी सांगलीहून आले, तोवर सोमवारी पाडकामाचे यंत्र येणार हेही ठरले होते.

कुणा इंग्रज कुटुंबाने आपल्या मुलुखाच्या रीतीने ते बांधले होते. सगळा सांगाडा ओकचा. खांबात खाच, तुळईला जीभ, आणि दोन्ही धरून ठेवणारी लाकडी खुंटी. लोखंडाचा खिळा नाही. मधल्या भिंती काटक्या विणून मातीने लिंपलेल्या कुडाच्या. यजमानांच्या माघारी मी लाकडाची वखार चालवली आहे. असे काम पाहून मी दारातच थांबले.

"आई, कूड आहे तो! आपल्याकडे गोठ्याला असतो तसला," उपेंद्र म्हणाला.

"भार खांबांवर असतो. डॉक्टर ना तू? हाडं कोणती आणि कातडी कोणती, हे मी सांगायचं?"

सून विभावरी हसली, पण क्षणभरच. "आई, ईशानी अख्खा हिवाळा खोकत होती. मला कोरडं घर हवंय. जुनं की नवं, याच्याशी मला कर्तव्य नाही."

तिचे म्हणणे रास्त होते. मी हातोडी घेऊन खांब वरून खाली ठोकत आले. गुडघ्यापर्यंत आवाज टणक, त्याखाली बद्द. बाहेरून पाहिले, तर कुडावर सिमेंटचा जाड थर.

"हे कुणी केलं?"

"मीच करून घेतलं. पाऊस आत येऊ नये म्हणून. पुण्यात सगळे करतात."

"पुण्यात विटांवर करतात. इथे फटीतून पाणी शिरलं आणि बाहेर पडायची वाट तू लिंपून टाकलीस. भिंत त्यानेच ओली, खांबही त्यानेच कुजला. सिमेंट उतरव, चुना लाव, तो ओल बाहेर सोडतो. खांबाला तेवढा पाय नवा जोड."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बोलाव तुझं यंत्र. मी आडवी येणार नाही."

उपेंद्रने यंत्राची तारीख सप्टेंबरअखेरीला ढकलली.

ब्रेंडन नावाच्या सुताराने तुळईखाली जॅक लावले, कुजका भाग कापला आणि ओकचा नवा पाय तिरक्या सांध्याने बसवला. जॅक उतरवण्याच्या वेळी आम्ही सगळे अंगणात उभे होतो. घर करकरले. उपेंद्रने माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला नाही. खांबाने भार घेतला आणि आवाज थांबला.

"इट्स ग्रँड, आजी!" ईशानी ओरडली.

सिमेंट काढून लावलेला नवा चुना वाळेपर्यंत विभावरी रोज सकाळी भिंतीला तळहात लावून पाही. सप्टेंबरात एके दिवशी तिने हात बराच वेळ तिथेच ठेवला, मग उपेंद्रला हाक मारली.

"अहो, ईशानीचा पलंग या भिंतीशी सरकवा. आणि त्या यंत्रवाल्याला कळवून टाका, येऊ नको म्हणावं."