संदेशने ठेवलेले बॅकअप

बाळकुम नाक्याजवळचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान दर्शना आणि तिचा धाकटा भाऊ संदेश, दोघंच चालवायची. वडील गेल्यावर तिनेच त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं. स्क्रीन, बॅटरी ती बघायची, सॉफ्टवेअर तो. अपडेट करताना फोन अडकला तर आतलं सगळं पुसलं जाण्याची भीती, म्हणून तो आधी कम्प्युटरवर बॅकअप घ्यायचा. फोन परत देताना गिऱ्हाइकासमोरच तो डिलीट करायचा, हा दर्शनाचा नियम.

एका मंगळवारी दुपारी ऐश्वर्या आली. घोडबंदर रोडला ऑफिसात कामाला असलेली मुलगी. महिन्यापूर्वी तिचा फोन अपडेटमध्ये अडकला म्हणून इथे दिला होता.

"माझे खासगी फोटो ऑफिसातल्या पोरांच्या ग्रुपवर फिरतायत," ती म्हणाली. "मी कुणालाच पाठवलेले नाहीत. फक्त त्या फोनमध्ये होते, आणि फोन फक्त तुमच्याकडे आलेला."

"आमच्याकडे असं होत नाही," दर्शना चिडूनच बोलली. "माझा भाऊ आहे तो."

ऐश्वर्या वाद घालत बसली नाही. बाहेर पायरीवर जाऊन रडत राहिली.

संदेश जेवायला घरी गेला होता. त्याच्यावरचा आळ खोटा ठरवायचा म्हणूनच दर्शना त्याच्या कम्प्युटरसमोर बसली. न पुसलेल्या बॅकअपचं फोल्डर शोधायला फारसा वेळ लागला नाही. आत ऐश्वर्याचं नाव होतं, आणि आणखी अकरा. सगळी बायकांची. शेवटचं नाव सान्वीचं, त्यांच्याच इमारतीतल्या चित्राकाकूंची कॉलेजात जाणारी मुलगी.

संदेश आला. पायरीवरच्या मुलीला त्याने ओळखलंही नाही. स्क्रीन बघून मात्र त्याचा चेहरा उतरला.

"ताई, विकले नाहीत गं मी. एका मित्राला पाठवलेले, त्याने पुढे टाकले. थांब, आत्ता उडवतो सगळं. कुणाला कळणार पण नाही."

"हात लावू नकोस."

"अगं, आईला काय सांगशील?"

तिने वायर उपटल्या, कम्प्युटर उचलला आणि ऐश्वर्याला घेऊन रिक्षात बसली. संदेश हाका मारत होता. लहानपणी मार बसला की ताईला हाका घालायचा, तशाच.

पोलीस चौकीत तिने नाव सांगितलं. आधी संदेश, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. वडिलांच्या नावापाशी ती अडखळली.

"तुमचे कोण?" हवालदाराने विचारलं.

"भाऊ."

संदेशला पोलिसांनी त्याच संध्याकाळी नेलं. ऐश्वर्या नोकरी सोडून गावी गेली. आईने लेकीचं ताट वाढणं बंद केलं.

उरलेल्या बायकांना दर्शनाने स्वतःच फोन केले. कुणी शिव्या घातल्या, कुणी ऐकून नुसता फोन ठेवला. सान्वीकडे ती जिना उतरून गेली. दारातच सगळं सांगितलं.

सान्वी हळूच म्हणाली, "दर्शनाताई, तू फोटो बघितलेस?"

"नाही गं. फक्त नावं वाचली."

सान्वीने तिच्याकडे पाहिलं, ओढणी गळ्याशी घट्ट ओढली आणि दार लावून घेतलं. दर्शना तिथेच जिन्यावर बसली आणि कितीतरी वेळ उठली नाही.