अर्थ सांगा, नाहीतर उचला

“अर्थ सांगा दाजी, नाहीतर ठोकळे उचला,” मेहुणा म्हणाला.

घरचा नियम होता तो, आणि केलाही दाजींनीच. अक्षरांच्या ठोकळ्यांनी पटावर इंग्रजी शब्द जुळवायच्या या खेळात लोक दोन-तीन अक्षरांचे विचित्र शब्द नुसते पाठ करून गुण लाटतात, ही दाजींसारख्या निवृत्त टंकलेखकाच्या मते उघड चोरी होती. शब्द मांडला की अर्थ सांगायचा. नाही आला तर डाव गेला. ‘झो’ म्हणजे याक आणि गाय यांची संकरित अवलाद. ‘ओई’ म्हणजे उत्तरेकडच्या बेटांवरची वावटळ. यांपैकी कुणी दाजींच्या दारी येण्याची शक्यता नव्हती, पण ओळख असलेली बरी. मेहुणा दर रविवारी भांडायला यायचा आणि भांडता भांडता अर्थ शिकून जायचा.

आज दाजींनी ‘झॅक्स’ मांडला होता, तोही तिप्पट गुणांच्या घरावर. बोटं आपसूक गेली होती. अर्थाच्या जागी मात्र काहीच नव्हतं.

शेजाऱ्याचं नाव आठवेना झालं, त्याचा दोष दाजींनी शेजाऱ्याला दिला होता. माणूसच तसा, लक्षात न राहण्याजोगा. पण परवा स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी ते बराच वेळ उभे होते, आणि हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. शब्द शाबूत आहेत तोवर आपण शाबूत, एवढाच आधार होता.

“काय दाजी, अर्थ रुसून माहेरी गेला की काय?”

“पक्षी,” दाजी म्हणाले.

“कसला पक्षी?”

“लहान. पाणथळीतला.”

मेहुण्याने तोंड उघडलं. झॅक्स म्हणजे छपरावरच्या दगडी कौलांना तासायचं हत्यार. याच टेबलाशी दाजींनी हातात उलथनं घेऊन, खुर्चीवर चढून त्याला ते करून दाखवलं होतं.

आता हा टेबलावर हात आपटणार, ‘लबाडी!’ म्हणून गल्ली गोळा करणार. ओरड रे बाबा, दाजींनी मनातल्या मनात विनवलं. ओरडलास तर मी नुसता हरलो.

मेहुण्याने तोंड मिटलं.

“पक्षीच,” तो हळूच म्हणाला. “बरोबर आहे, दाजी.” आणि त्याने गुण लिहिले, तिप्पट.

दाजींनी तो आकडा दोनदा वाचला.

आतला नळ बंद झाला. दाजींची बायको ओल्या हातांनी दारात आली. “काय रे, आज आवाज नाही तुमचा? भांडलात की काय?”

“नाही गं ताई,” तिचा भाऊ म्हणाला. पण त्याने वर पाहिलं नाही. दाजींनी घ्यायची अक्षरं त्याने स्वतःच पिशवीतून काढली आणि एकेक ठोकळा सुलटा करून, दाजींना वाचता येईल असा, त्यांच्यासमोर मांडत राहिला.